मांजरीच्या तोंडून सुटलेलं खारीचं पिल्लू: आधी ऊब, मग पाणी, दूध सगळ्यात शेवटी

नाशिकहून एका ताईंनी विचारलं आहे: "सकाळी शेजारच्या मांजरीने अंगणात खारीचं पिल्लू पकडलं. मुलांनी आरडाओरडा केल्यावर तिने ते टाकून दिलं. डोळे उघडलेले आहेत, अंगावर पट्टे दिसतात, शेपटी अजून बारीक आहे. रक्त फारसं नाही, पण थरथरतंय. बुटाच्या खोक्यात कापसावर ठेवलंय. ड्रॉपरने गाईचं दूध पाजून पाहिलं, थोडं नाकातून बाहेर आलं. आता पुढे काय करू? मुलं म्हणतात घरीच वाढवू. चालेल का?"

ताई, दूध लगेच थांबवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

गाईचं दूध खारीला मानवत नाही हे खरं, पण आत्ता कुठलंही दूध नको. पिल्लू गार पडलं की त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते. पोटात गेलेलं दूध पुढे सरकत नाही, तिथेच आंबतं आणि पोट फुगतं. विझलेल्या चुलीवर आधण ठेवण्यातला प्रकार. शिवाय अशा अवस्थेत त्याला नीट गिळता येत नाही, म्हणून दूध श्वासनलिकेत उतरतं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. आमच्याकडे पिल्लू आलं की मी आधी जखम बघत नाही. "काय पाजलंत आणि कशाने?" हे विचारतो. माझ्या मते मांजरीच्या दातांइतकीच पिल्लं या पाजण्याने जातात, आणि पाजणारे सगळे मनाने चांगले असतात.

नाकातून दूध आलं असेल तर पिल्लाचं डोकं काही क्षण खाली कलतं धरा आणि नाकपुड्या मऊ कापडाने टिपून घ्या. मग त्याची छाती कानाजवळ धरून ऐका. श्वासाबरोबर टिकटिक किंवा बुडबुड असा आवाज येत असेल, किंवा ते तोंड उघडून श्वास घेत असेल, तर दूध फुप्फुसात गेलंय असं धरा आणि डॉक्टरांना हे सगळ्यात आधी सांगा. लपवू नका, कोणी रागावणार नाही.

तुमचं काम चालू असताना मुलांना एक काम द्या. खारीला एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्लं होतात. एक खाली पडलं असेल तर दुसरंही जवळपास असू शकतं. अंगण, कुंड्यांच्या मागची जागा, पत्र्याच्या कडा, एसीच्या बाहेरच्या युनिटखालची फट बघायला सांगा. बारीक, चिरका 'चिक् चिक्' असा आवाज येतो का तेही ऐकायचं. मांजरीला तेवढा वेळ आत कोंडून ठेवायला शेजाऱ्यांना सांगा.

आता ऊब. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, उकळतं नको, आणि बाटलीला जुना मोजा चढवा. मोज्यावरून मनगटाची आतली बाजू टेकवून बघा. सुखाची ऊब लागली पाहिजे, चटका नको. ही बाटली खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. अर्धं खोकं उबदार आणि अर्धं साधं राहिलं, की जास्त गरम झाल्यावर पिल्लू स्वतः सरकू शकतं. दीड-दोन तासांनी बाटली गार होते. मग ती उलट पिल्लाचीच ऊब ओढून घेते, म्हणून पाणी बदलत राहा. बल्ब लावायचा मोह टाळा. खोकं तापतं, पिल्लू सुकतं, आणि खारीला आत्ता उजेड नको, अंधार हवा.

खोक्यातला कापूस काढून टाका. कापसाचे तंतू नखांत गुंततात, तोंडात जातात. टर्किश टॉवेलही नको, त्याच्या धाग्यांच्या फासांत नखं अडकून उपटली जातात. जुना, धुऊन मऊ झालेला सुती टीशर्ट सगळ्यात चांगला. झाकणाला पेन्सिलीने आठ-दहा भोकं पाडा, झाकण लावा आणि खोकं अशा खोलीत ठेवा जिथे टीव्ही, कुत्रा आणि पाहुणे नसतील. मुलांना कितीही वाटलं तरी दर पाच मिनिटांनी झाकण उघडायचं नाही. खार हा सावजाच्या जातीचा प्राणी आहे. तुम्ही मायेने बघताय हे तिला कळत नाही, दोन मोठे डोळे आपल्याकडे बघताहेत एवढंच कळतं. काही जखमी खारी नुसत्या धसक्यानेच जातात.

अर्ध्या-पाऊण तासाने पोटाखाली बोट घालून बघा. तुमच्या बोटाला ते ऊबदार लागलं की पाण्याकडे वळायचं. मानेमागची कातडी चिमटीत हलकेच उचलून सोडा. लगेच बसली तर ठीक. क्षणभर उभीच राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय. मेडिकलमधून साधी, बिनस्वादाची ओआरएसची पुडी आणा. एक लिटरची असेल तर एक लिटर पाण्यातच विरघळवा, अंदाजाने चमचा टाकू नका. दुकान बंद असेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून काम भागतं. द्यायचं कोमटच. ड्रॉपर बाजूला ठेवा, त्याचा थेंब मोठा असतो आणि दाब आपल्या हातात राहत नाही. इन्सुलिनची १ मिलीची सिरिंज घ्या. सुई अडकवलेली नसलेली मिळाली तर उत्तम, नाहीतर सुई काढून टाका.

पाजताना पिल्लाला बाळासारखं उताणं धरायचं नाही. नाकात दूध गेलेल्या पिल्लांत बहुतेकांना असंच धरलेलं असतं. त्याचे चारही पाय तुमच्या तळहातावर किंवा मांडीवरच्या कापडावर टेकलेले हवेत, डोकं किंचित वर, जसं ते आईखाली असतं. सिरिंजचं टोक ओठाच्या कोपऱ्याशी आणून एक थेंब बाहेर येऊ द्या. ते चाटेल, मग पुढचा थेंब. सिरिंज दाबून रिकामी करायची नाही. चाटत नसेल, डोकं टाकून पडलं असेल, तर तोंडाने काहीच नको. अशा वेळी डॉक्टर कातडीखाली सलाईन देतात, ते घरचं काम नाही.

आता मांजर. तुम्ही लिहिलंय "रक्त फारसं नाही", आणि मला नेमकी त्याचीच काळजी आहे. मांजरीचा सुळा बारीक आणि टोकदार असतो. तो सरळ आत जातो, बाहेर येतो आणि वरची कातडी मिटते. बाहेर राजगिऱ्याच्या दाण्याएवढं छिद्र दिसतं, तेही केसांखाली. मांजरीच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. ते आत गेले की एवढ्याशा जिवाच्या रक्तात दोन-तीन दिवसांत पसरतात. पिल्लू पहिल्या दिवशी टुणटुणीत दिसतं, दुसऱ्या दिवशी मलूल होतं, तिसऱ्या दिवशी मरतं. घरचे म्हणतात, "अहो, काल तर चांगलं खेळत होतं." म्हणून मांजरीच्या तोंडात गेलेल्या प्रत्येक खारीला, जखम दिसो वा न दिसो, अँटिबायोटिक लागतं, आणि ते आजच सुरू व्हायला हवं. उद्या सकाळी बघू, असं चालत नाही.

जखम शोधायला बोट सलाईनमध्ये किंवा कोमट पाण्यात बुडवून केस थोडे ओले करा आणि फुंकर मारून बाजूला सारत बघा. पाठ, मान, काखा आणि जांघा, या क्रमाने. सापडलेली जागा मेडिकलमधल्या नॉर्मल सलाईनने धुवा. बीटाडीन असेल तर फिकट तपकिरी दिसेपर्यंत पाण्यात पातळ करून लावा. हळद नको, ती जखमेत थापली जाते आणि डॉक्टरांना खाली काही दिसत नाही. डेटॉल, सॅव्हलॉन, टर्पेंटाईन ही तर कुठल्याही परिस्थितीत नको, खार अंग चाटते. दुखतंय म्हणून क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लामचा तुकडाही द्यायचा नाही. शंभर ग्रॅमच्या प्राण्याला माणसाच्या गोळीचा तुकडा किती होतो, याचा हिशोब कोणी करत नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ग्रॅममध्ये मोजत असेल तर वाटीत कापड ठेवून शून्यावर आणा आणि पिल्लू वाटीत ठेवा. खारीच्या औषधाचा डोस थेंबाच्या हिशोबाने ठरतो आणि तो वजनावरच ठरतो. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर कधीकधी म्हणतात, "आम्ही खारी बघत नाही." त्यांना नम्रपणे सांगा, की मांजरीने धरलंय, वजन इतके ग्रॅम आहे, वन विभागाला कळवलंय, फक्त अँटिबायोटिक आणि सलाईन हवंय. एवढी नेमकी मागणी असली की बहुतेक डॉक्टर मदत करतात.

वन विभागाला खरंच कळवा. महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाईन १९२६ आहे. तुमच्या भागातला वनरक्षक कोण किंवा त्यांच्याबरोबर काम करणारी संस्था कोणती, ते तिथे सांगतील. पुणे आणि नागपूरसारख्या ठिकाणी वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहेत, तिथे पिंजऱ्यापासून क्ष-किरणापर्यंत सोय असते. नेताना दुचाकीवर खोकं मांडीत घट्ट धरायला मागे माणूस घ्या, ऊन लागू देऊ नका.

घरी वाढवता येईल का? नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो वन्यप्राणी घरात पाळू देत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर तेच राहील. घरात वाढलेली खार काही महिने खांद्यावर बसते, मुलांच्या खिशात झोपते, व्हिडिओ छान येतात. मग ती वयात येते आणि चावायला लागते, कारण तिला आता हद्द हवी असते. तोवर शेंगदाणे आणि ग्लुकोजची बिस्किटं खाऊन तिची हाडं ठिसूळ झालेली असतात. शेंगदाण्यात फॉस्फरस भरपूर आणि त्या मानाने कॅल्शियम फारच कमी. उडी मारताना पाय मोडलेल्या, मागचे पाय ओढत चालणाऱ्या ज्या पाळीव खारी आमच्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच कुठून पडलेल्या नसतात, त्या अशा खाण्याने खचलेल्या असतात.

आईकडे परत देता येईल का, हे जास्त महत्त्वाचं. पिल्लू नुसतं घरट्यातून पडलं असतं, जखम नसती, तर मी तुम्हाला डॉक्टरांकडेही पाठवलं नसतं. ऊब द्या आणि खोकं झाडाला बांधा, एवढंच सांगितलं असतं. माणसाचा हात लागला की आई टाकते हा गैरसमज आहे. खार आपली पिल्लं तोंडात धरून एका घरट्यातून दुसऱ्यात नेते आणि हरवलेलं पिल्लू ओरडलं की खाली उतरते. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वी नगरपालिका फांद्या छाटते, तेव्हा घरटी फांद्यांसकट खाली येतात. त्या वेळी हाच उपाय. झाकण नसलेलं उथळ खोकं, तळाशी मोज्यातली गरम बाटली, तिच्यावर घरट्याचाच काथ्या आणि चिंध्या, आणि हे सगळं त्याच झाडाला माणसाच्या उंचीच्या वर बांधायचं. मग लांब, घरात जाऊन खिडकीतून बघायचं. आपण खाली उभं राहिलो तर ती येणारच नाही. खार दिवसाचा प्राणी आहे, त्यामुळे संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर आशा सोडून पिल्लू आत घ्यायचं, रात्री बाहेर ठेवलं तर मांजर नाहीतर घुबड नेणार. अंगाला मुंग्या लागल्या असतील तर मऊ ब्रशने एकेक झाडा, फवारा मारू नका.

तुमच्या पिल्लाच्या बाबतीत मात्र आधी औषधाचा कोर्स, म्हणून काही दिवस ते माणसांकडेच राहणार. संस्थेने घेतलं तर प्रश्न मिटला. जागा नाही म्हणून त्यांनी तुम्हालाच काही दिवस सांभाळायला सांगितलं, तर पाजण्याचं बघू. डोळे उघडलेत म्हणजे ते साधारण तीन आठवड्यांच्या पुढचं आहे. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, कोमट. पहिल्या दिवशी नुसतं ओआरएस, मग थोडं दूध मिसळून, आणि पोट साथ देतंय असं दिसलं की पूर्ण दूध. ती मिळेपर्यंत एखादा दिवस बकरीचं दूध चालवून घेता येतं. एका वेळी वजनाच्या पाच टक्के, म्हणजे २० ग्रॅमच्या पिल्लाला १ मिली, त्याहून जास्त नाही, मागितलं तरी नाही. या वयाला तीन-चार तासांनी एकदा पुरे, रात्री अकराला शेवटचं आणि पहाटे पहिलं. डोळे मिटलेल्या, बिनकेसांच्या पिल्लाला मात्र दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, लागतं.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. लहान पिल्लाला स्वतःहून लघवी-शी करता येत नाही, आई चाटून करवते. प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच, एकाच दिशेने पुसत राहा. थोड्या वेळात थेंब येतो. डोळे उघडल्यावर हळूहळू गरज कमी होते, पण दुखण्यातून उठणाऱ्या पिल्लाला आठवडाभर करावं. पोट टणक आणि तकतकीत झालं तर दूध बंद, पुन्हा फक्त ओआरएस, ऊब, आणि डॉक्टरांना फोन.

तुम्ही विचारलं नाहीये, पण याच मोसमात येणाऱ्या दोन गोष्टी सांगून ठेवतो. उंदरांच्या गोंदाच्या पॅडवर चिकटलेली खार ओढून काढू नका, कातडी सोलली जाते. आधी मोकळ्या गोंदावर मैदा भुरभुरा म्हणजे ती आणखी चिकटणार नाही, मग कडेकडेने गोडं तेल सोडत एकेक पाय सोडवा. शेपटीला धरून कधीच उचलायचं नाही, शेपटीची कातडी हातात येते. दुसरं म्हणजे पावसाळ्यातल्या अळ्या. जखमेच्या कडेला केसांत पिवळट-पांढऱ्या, लांबुडक्या अंड्यांचे पुंजके दिसले तर काही तासांत त्यांच्या अळ्या होतात. बारीक दातांच्या फणीने किंवा चिमट्याने तेवढी अंडी आजच काढा. गोठ्यात जनावरांच्या जखमेत टर्पेंटाईन ओततात ते बघून खारीवर तसं करू नका, ते कातडीतूनच अंगात भिनतं.

मोठी खार उचलताना जाड कापड टाकून त्यासकट उचला, ती चावते आणि दात खोल जातात. चावलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जा. खारीमुळे रेबीज होणं अत्यंत विरळ आहे, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

कधीकधी सगळं वेळेवर करूनही पाठीचा कणा तुटलेला निघतो आणि डॉक्टर शांतपणे झोपवायचं इंजेक्शन सुचवतात. मुलांना त्या वेळी खरं सांगा. 'जंगलात सोडलं' असं सांगितलेली मुलं पुढची कित्येक वर्षं प्रत्येक खारीत तिला शोधतात.

पण तुमचं पिल्लू थरथरतंय. थरथरण्याइतकं बळ त्याच्या अंगात आहे, म्हणजे मला आशा आहे. औषध संपलं, वजन वाढलं, ते पेरूची ताजी फांदी कुरतडू लागलं, भिजवलेले मूग आणि सफरचंदाचा तुकडा हातात धरून खाऊ लागलं, की दूध आपोआप सुटतं. त्यानंतर मोठ्या पिंजऱ्यात, फांद्यांवर, माणसाशी कमीत कमी संबंध ठेवून त्याला बारा आठवड्यांचं होऊ द्यायचं, आणि तेही शक्यतो संस्थेकडे, इतर पिल्लांबरोबर. एकट्याने वाढलेल्या खारीला शिकरा या शिकारी पक्ष्याला बघून 'चिर्र' ओरडणं उशिरा जमतं. सोडायचं ते सकाळी, कोरड्या दिवशी, जिथे आधीपासून खारी आहेत पण मांजरी कमी आहेत अशा झाडांवर. पिंजऱ्याचं दार उघडून तो तिथेच काही दिवस टांगून ठेवायचा, आत थोडं खाणं ठेवायचं. पहिले दोन-तीन दिवस ती रात्री झोपायला परत येते, मग एक दिवस खाणं तसंच राहतं. तेव्हा पिंजरा उतरवून धुऊन ठेवा, संस्थेला तो लगेच दुसऱ्या कुणासाठी लागणार असतो.